ध्रुवाचं बदललेलं मागणं

१८९१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अठ्ठावीस वर्षांचा एक बंगाली संन्यासी अलवरहून जयपूरला आला आणि दोनेक आठवडे तिथे राहिला. गावात व्याकरणाचे एक जाणते पंडित आहेत असं कळताच त्याने त्यांच्याकडे पाणिनीची अष्टाध्यायी शिकायला सुरुवात केली. पहिल्याच सूत्रावरचं भाष्य पंडितजी तीन दिवस समजावत राहिले, तरी ते त्याच्या पचनी पडेना. मग तो एकटाच पोथी घेऊन बसला आणि काही तासांत अर्थ लावून उठला. पुढे अजमेरमार्गे तो अबूला गेला. तिथे जूनमध्ये त्याची खेतडीच्या राजा अजितसिंहांशी गाठ पडली. खेतडी हे जयपूर राज्याच्या अंमलाखालचं शेखावाटीतलं ठिकाण. राजस्थानातल्या गरम वाऱ्यापासून डोकं वाचवायला फेटा कसा बांधायचा हे तो खेतडीत शिकला आणि ‘विवेकानंद’ हे नाव कायम झालं तेही खेतडीच्या राजाच्या आग्रहाने.

या माणसाला लहानपणी कोचवान व्हायचं होतं.

कलकत्त्याच्या सिमुलिया भागातलं दत्तांचं घर वकिलाचं, सुखवस्तू. दारात घोडागाडी होती. छोट्या नरेंद्राचा सगळ्यात जवळचा मित्र म्हणजे घरचा मोतद्दार. झगझगीत पोशाख, डोक्याला पागोटं, हातात चाबूक आणि पुढे आपल्या इशाऱ्यावर धावणारी जनावरं. मोठेपणी कोण होणार, या वडिलांच्या प्रश्नाला त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. शाळेतल्या भाषणांत या गोष्टीला एक शेपूट जोडलेलं ऐकू येतं: आईने म्हणे त्याला पार्थसारथी कृष्णाचं चित्र दाखवलं आणि ‘असा सारथी हो’ म्हणून सांगितलं. तसं घडलं असो वा नसो, ती जोड ज्याने केली त्याची तळमळ ओळखीची आहे. मुलाचं स्वप्न आहे तसं राहू देणं मोठ्यांना जड जातं. त्याला मागाहून का होईना, एखाद्या थोर शेवटाकडे वळवावंसं वाटतं.

चरित्रांत नोंदलेला दुसरा प्रसंग मात्र असा ओढूनताणून वळवता येत नाही. नरेंद्राने सीतारामाची मातीची मूर्ती आणून गच्चीवरच्या खोलीत पूजा मांडली होती. त्याच मोतद्दार मित्राने एकदा स्वतःच्या संसाराचे हाल सांगत लग्नाचं असं काही वर्णन केलं की पोर हादरलं. लग्न एवढं वाईट, तर लग्न झालेल्या सीतारामाची पूजा करायची कशी? तो रडत आईकडे गेला. तिने शिवाची पूजा कर म्हणून समजूत काढली. संध्याकाळी त्याने सीतारामाची मूर्ती गच्चीवरून खाली रस्त्यावर टाकली आणि तिच्या जागी शिव आणून बसवला. ज्याच्यासारखं व्हायचं होतं त्या माणसाच्या एका बोलण्याने या मुलाचा देव बदलला. मोठेपणीची स्वप्नं म्हणजे नुसती करमणूक असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. मूल ज्याला आदर्श मानतं, त्याच्याकडून ते कामधंद्याबरोबर जग कसं आहे हेही शिकत असतं.

पुढे कॉलेजात असताना स्वप्नं दोन झाली. शारदानंदांनी लिहिलेल्या श्रीरामकृष्णांच्या चरित्रात नरेंद्राचं स्वतःचं सांगणं आलं आहे. रात्री अंथरुणावर पडलं की दोन चित्रं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहत. एकात आपण धनवान, मानमरातब असलेले, नोकरचाकर भोवती. दुसऱ्यात आपण सगळं सोडून भिक्षेवर जगणारे, झाडाखाली रात्र काढणारे. दोन्ही होण्याची ताकद आपल्यात आहे असं त्याला वाटे. बरेच दिवस दोन्ही चित्रं आळीपाळीने येत राहिली. मग हळूहळू पहिलं फिकं पडत गेलं आणि दुसरं उरलं. १८८४ मध्ये वडील अचानक गेले, घरावर कर्ज निघालं, पदवीधर नरेंद्र नोकरीसाठी दारोदार हिंडला. म्हणजे पहिलं चित्र पुसलं गेलं तेव्हाच त्याची गरज सर्वांत जास्त होती.

इथे धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो. कोचवान होऊ पाहणारा, श्रीमंत होऊ पाहणारा आणि संन्यासी होऊ पाहणारा हे तिघं एकच का? आणि एकच असतील, तर त्यांतलं खरं मागणं कोणतं? सरळ उत्तर असं दिलं जातं की शेवटचं मागणं खरं, आधीची भरकट. पण शेवटून मागे पाहिलं की कुठलीही वाट सरळ दिसते. सहाव्या वर्षी नरेंद्राला विवेकानंद व्हायचं नव्हतं. त्याला कोचवान व्हायचं होतं, आणि त्या वयात ते मागणं पूर्ण खरं होतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला बाल्य, तारुण्य, वार्धक्य येतं आणि देही तोच राहतो असं म्हटलं आहे. हे मरणाच्या भीतीवरचं औषध म्हणून सांगितलं जातं खरं, पण मुलांच्या बदलत्या स्वप्नांनाही ते लागू पडतं. देही कुठल्याच एका अवस्थेत पुरता मावत नसेल, तर कुठल्या एका स्वप्नात तरी कसा मावेल?

हा प्रश्न जयपुरात विचारण्याला वेगळं वजन आहे, कारण हे शहर एका अर्थी त्याच्या उलट उत्तरावर बांधलेलं आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये नव्या राजधानीचा पाया घातला, विद्याधर भट्टाचार्यांनी आखणी केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, नऊ चौकड्या, आणि आत धंद्याधंद्याच्या गल्ल्या. आजही मणिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्यांसाठी ओळखला जातो, ठठेरों का रास्ता भांडी घडवणाऱ्यांचा, खजानेवालों का रास्ता संगमरवरी मूर्ती कोरणाऱ्यांचा, आणि जौहरी बाजार तर नावातच आलं. अशा गल्लीत जन्मलेल्या मुलाला मोठेपणी कोण होणार असं विचारायचं कारणच पडत नसे. पत्ता हेच उत्तर होतं.

आणि या रचनेला धर्माचा आधार दिला जाई. गीता तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन अध्यायांत सांगते की स्वधर्म उणा असला तरी परधर्मापेक्षा बरा. शतकानुशतकं याचा अर्थ बापाचा धंदा असा घेतला गेला. मराठी वाचकाला मात्र हा विचार ज्याच्या तोंडून ऐकण्याची सवय आहे, त्याचं आयुष्य या अर्थाला धक्का देतं. त्याचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा गुरूच्या आज्ञेने गृहस्थाश्रमात परतले. त्यांनी वाट बदलली आणि त्याची शिक्षा चार मुलांना झाली. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून त्यांना मुंजीचा अधिकार नाही, समाजात जागा नाही. ज्याला जन्माने कुठलाच स्वधर्म देऊ केला गेला नव्हता त्या मुलाने १२९० मध्ये, कोवळ्या वयात, गीतेवर टीका लिहिली. स्वधर्म म्हणजे निव्वळ वारशाने मिळणारं काम असेल, तर ज्ञानेश्वरांचा स्वधर्म कोणता? हा प्रश्न टाळून ज्ञानेश्वरी वाचता येत नाही.

मोठेपणी कोण होणार, हे खुद्द जयपूर वसवणाऱ्यालाही कुणी विचारलं नव्हतं. जयसिंह १६८८ चा. वडील गेले तेव्हा अकराव्या वर्षी तो आमेरच्या गादीवर बसला आणि औरंगजेबाच्या चाकरीत दख्खनेत लढायला गेला. मुहम्मदशाहला अर्पण केलेल्या त्याच्या ज्योतिष-सारणीच्या प्रस्तावनेत मात्र असं म्हटलं आहे की समज आल्यापासून त्याचा सगळा ओढा गणिताकडे होता. राजेपण वाट्याला आलेलं, आकाश निवडलेलं. ते त्याने सोडलं नाही. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभ्या केल्या. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. जयसिंहाच्या इच्छेवरून ते अरबी शिकले. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही आणला. वेदविद्येच्या घरातला माणूस अरबी ग्रंथ मांडीवर घेऊन बसला. गल्ल्या धंद्यानुसार आखणाऱ्या राजाच्या दरबारात वारशाच्या सीमा अशा ओलांडल्या जात होत्या.

त्यानंतर दोनशे वर्षांनी याच गादीसाठी इसरदा ठिकाण्यातून एक मुलगा आणला गेला. मोरमुकुटसिंह हा तिथल्या ठाकुरांचा धाकटा मुलगा, जन्म १९१२ चा. १९२१ मध्ये महाराजा माधोसिंहांनी त्याला दत्तक घेतलं, नाव मानसिंह झालं, आणि पुढच्याच वर्षी दहाव्या वर्षी तो जयपूरचा राजा झाला. माधोसिंह स्वतःही असेच इसरद्याहून दत्तक आलेले. मराठी माणसाला इथे मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ आठवल्याशिवाय राहणार नाही. १८७५ मध्ये बडोद्याला कशासाठी आलास म्हणून विचारल्यावर ‘राजा व्हायला’ असं बेधडक सांगणारा तो बारा वर्षांचा शेतकऱ्याचा पोर पुढे सयाजीराव गायकवाड झाला. त्याचं उत्तर ऐकून कौतुक वाटतं, पण ते स्वप्न होतं की भोवतीच्या मोठ्यांचा मनसुबा मुलाच्या तोंडी आला होता, हे त्या उत्तरावरून ठरवता येत नाही. मानसिंहाच्या बाबतीत तर त्याला स्वतःला काय हवं होतं ते घोड्याच्या पाठीवर दिसलं. तो पोलोचा जगप्रसिद्ध खेळाडू झाला आणि १९७० मध्ये इंग्लंडमध्ये सिरेन्सेस्टरच्या मैदानावर पोलो खेळतानाच गेला.

वारसा म्हणजे निव्वळ तुरुंग, असंही म्हणता येणार नाही. रामचंद्र शर्मा हे जयपूरच्या कारागीर घराण्यातले, शाळा चौथीपर्यंतची. सवाई मानसिंह रुग्णालयात ते कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवायला येत. तिथे पाय गमावलेल्या माणसांना जे परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बसवले जात, त्यांत ना उकिडवं बसता येई, ना अनवाणी शेतात चालता येई. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टरजी शर्मा यांनी मिळून १९६८ मध्ये रबराचा पाय घडवला. तोच ‘जयपूर फूट’. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातातलं कसब त्यात उतरलं, आणि ते कसब ज्या कामी आलं ते काम कुठल्याही गल्लीच्या नावात नव्हतं. वारशाने कौशल्य मिळालं, त्याचा उपयोग मात्र स्वतः शोधावा लागला.

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे उशिरा पाहिलं, पण बारकाईने. अमेरिकेत एली गिन्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडलं की व्यवसायाची निवड एका क्षणी होत नाही. साधारण अकरा वर्षांपर्यंत ती कल्पनेत असते, मग चाचपडण्याचा काळ येतो आणि सतराच्या पुढे वास्तवाचा. १९८१ मध्ये लिंडा गॉटफ्रेडसन यांनी याची एक अस्वस्थ करणारी बाजू दाखवली. त्यांच्या मते मूल वाढताना स्वप्नं जमवत नाही, गाळत जातं. तीन ते पाच वयात मोठेपणा म्हणजे आकार आणि ताकद. सहा ते आठमध्ये हे बायकांचं काम, ते पुरुषांचं, अशी छाटणी होते. नऊ ते तेरामध्ये कामाची प्रतिष्ठा कळू लागते आणि आपल्या घराला न शोभणारी, तसंच आवाक्याबाहेरची स्वप्नं गळतात. आपल्याला खरोखर काय आवडतं याचा विचार चौदाच्या आसपास सुरू होतो, आणि तोवर जे उरलं असेल त्यातूनच निवडायचं असतं.

नरेंद्राचा कोचवान या मांडणीत अचूक बसतो: चाबूक, पागोटं, ताब्यातले घोडे. आठ-दहा वर्षांचा झाल्यावर वकिलाच्या मुलाला कोचवान ‘शोभत नाही’ हेही त्याला कळलं असेल. पण छाटणीचा हा वेग आता वाढला आहे. आर्थिक सहकार व विकास संघटनेने २०२० मध्ये एकेचाळीस देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची उत्तरं प्रसिद्ध केली, तेव्हा ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली अवघ्या दहा ठरावीक व्यवसायांतलाच एखादा सांगत होत्या. २००० सालापेक्षा हे प्रमाण वाढलेलं होतं. भारत त्या पाहणीत नव्हता. पण जयपुरातल्या गोपालपुरा बायपासवर शिकवणी वर्गांचे फलक पाहिले तर दहाही लागत नाहीत, दोन पुरतात: डॉक्टर आणि इंजिनिअर. सवाई जयसिंहाच्या गल्लीत जन्माने जे ठरत असे, ते इथे गुणांच्या यादीने ठरतं. स्वप्न बदलायला लागणारा मोकळा वेळ दोन्हीकडे नाही.

जयपूरचाच इरफान खान क्रिकेटपटू होऊ पाहत होता. सी. के. नायडू स्पर्धेसाठी निवडही झाली, पण पैशाअभावी जाता आलं नाही. १९८४ मध्ये तो दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेला. झालं ते बरंच झालं, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. पैशाने मोडलेलं स्वप्न आणि मनाने सोडलेलं स्वप्न यांत अंतर आहे, आणि पुढचं यश ते अंतर बुजवत नाही.

आता अढळपदाकडे. आपल्याकडे बालहट्टाचा आणि निश्चयाचा आदर्श म्हणजे ध्रुव. कीर्तनांतून, पाठ्यपुस्तकांतून तो न बदलणाऱ्या मुलाचा नमुना म्हणून येतो. भागवताच्या चौथ्या स्कंधातली कथा नीट वाचली तर चित्र वेगळं आहे. पाच वर्षांच्या मुलाला सावत्र आई सुरुची बापाच्या मांडीवर बसू देत नाही. त्याला मांडी हवी होती. सुरुचीच्या बोलण्याने मांडीचं सिंहासन झालं. नारद वाटेत भेटून समजावतात की तू अजून खेळण्याच्या वयाचा आहेस, तुला कसला मान आणि कसला अपमान. तेव्हा सिंहासनाचं मागणं आणखी फुगतं आणि त्याला बापआज्यांनाही न मिळालेलं पद हवंसं वाटतं. मधुवनात तो तप करतो, देव समोर उभा राहतो, मागितलेलं मिळतं. आणि घरी परतताना ध्रुव खिन्न असतो. ज्याच्यापुढे मागायचं तो सर्व काही देऊ शकत होता, आणि आपण रागाच्या भरात एक जागा मागितली, याची त्याला लाज वाटते. म्हणजे मांडी, मग सिंहासन, मग सर्वांहून उंच पद, आणि शेवटी त्या पदाबद्दलच पश्चात्ताप: सहा महिन्यांत ध्रुवाचं मागणं इतक्या वेळा बदललं. अढळ होतं ते त्याचं शोधणं.

जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे आणि त्याचा उतरता कठडा जयपूरच्या अक्षांशाइतक्या, सत्तावीस अंशांच्या कोनात आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेला आहे. जवळच ध्रुवदर्शक पट्टिका नावाचं छोटं यंत्र आहे. त्याच्या कडेला डोळा लावला की नजर ध्रुवाकडे जाते. पण आज जो ध्रुवतारा म्हणून ओळखला जातो तोही त्या बिंदूवर नेमका नाही, अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरी घेतो, आणि त्याबरोबर ध्रुवपदी बसणारा ताराही बदलतो. पिरॅमिड बांधले गेले तेव्हा कालेय तारकासमूहातला ठुबान तिथे होता. बारा हजार वर्षांनी अभिजित त्या बाजूला असेल. जयसिंहाच्या ज्योतिषांना ही अयनगती ठाऊक होती. यंत्र रोखलं आहे ते दिशेकडे, ताऱ्याकडे नाही.

लहान वयातल्या निश्चयाबद्दल जैन परंपरेतही एक अतिशय सुंदर कथा आहे. अतिमुक्त नावाचा बालसाधू पावसात बाहेर गेला, वाहणारं पाणी पाहिलं, मातीचा बांध घातला आणि आपलं भिक्षापात्र पाण्यात सोडून ‘माझी नाव’ म्हणून खेळू लागला. ज्येष्ठ साधूंना ते रुचलं नाही. त्यांनी महावीरांना विचारलं, हा किती जन्मांनी मुक्त होणार? महावीर म्हणाले, याच जन्मी. त्याची हेळणा करू नका. दीक्षा घेतलेलं मूलही मूलच असतं, हे ज्या धर्माने इतक्या मायेने नोंदवून ठेवलं, त्याच धर्मात आठव्या वर्षानंतर दीक्षा देण्याची रूढी आहे आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. राजस्थान आणि गुजरातेत आजही बालदीक्षा होतात. ‘राजा व्हायला आलो’ म्हणणाऱ्या सयाजीरावांच्या बडोद्याने १९३३ मध्ये अज्ञान मुलांच्या दीक्षेला कायद्याने बंदी घातली होती. श्रद्धावानांचं म्हणणं असं की वैराग्याला वय नसतं. नसेलही. पण नऊ वर्षांच्या मुलाची विरक्ती खरी आहे हे मान्य केलं, तरी नरेंद्राचं कोचवान होणंही तितकंच खरं होतं, आणि कुणी त्याला त्याच दिवशी आयुष्यभरासाठी गाडीवर बसवलं नाही. खऱ्या वैराग्याला आणखी नऊ वर्षं थांबायला अडचण नसावी.

आणि याच शहरात अशीही मुलं आहेत ज्यांच्याकडून स्वप्न पाहण्याचा काळच काढून घेतला जातो. लाखेच्या बांगड्यांचं काम मणिहारांच्या गल्लीबाहेर, भट्टा बस्तीसारख्या दाटीच्या वस्त्यांतल्या बंद खोल्यांत पसरलं. गया आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आणलेली मुलं तिथे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत भट्टीच्या धगीजवळ बसून बांगड्यांवर खडे चिकटवतात. छापे पडतात, मुलं सुटतात, बिहारला परत पाठवली जातात, आणि त्यांतली काही पुन्हा आणली जातात. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा आहे. मात्र शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करायची मुभा त्याच कायद्यात आहे, आणि भाड्याच्या खोलीत बसवलेल्या पोरांना मालक पुतणे-भाचे म्हणून दाखवतो तेव्हा हीच मुभा त्याच्या उपयोगी पडते. बापाचा धंदा तोच मुलाचा स्वधर्म, या जुन्या समजुतीची ही कायद्यात उरलेली फट आहे, आणि ती बुजवण्याचं काम संसदेचं आहे.